एक्झिमा भडकला की: क्रीम किती, कधी, आणि ओली पट्टी कशी बांधायची

एक्झिमा, म्हणजे इसब, भडकला की पहिला प्रश्न हाच असतो, "कुठलं क्रीम चांगलं?" आणि मग दर थोड्या दिवसांनी नवीन डबा घरात येतो. मला विचाराल तर बहुतेक वेळा क्रीमचा काही दोष नसतो, ते पुरेसं लावलेलं नसतं आणि भलत्या वेळी लावलेलं असतं, बोटाच्या टोकावर एवढंसं घ्यायचं, अख्खा हात पुसल्यासारखा करायचा आणि वर म्हणायचं की काही फरकच पडत नाही. त्यामुळे ब्रँडबिंड काही सांगत नाहीये, लावायचं कसं तेवढं सांगतेय, आणि त्याच्या पुढची पायरी म्हणजे ओलं ड्रेसिंग, ज्याला डॉक्टर वेट रॅप म्हणतात, ते घरी कसं करायचं आणि कधी अजिबात करायचं नाही.

आधी कातडीबद्दल दोन शब्द, म्हणजे पुढचं सगळं का करायचं ते कळेल. कातडीचा सगळ्यात वरचा थर आतलं पाणी आत ठेवतो आणि बाहेरची धूळ, साबण, जंतू बाहेर ठेवतो. एक्झिमावाल्या कातडीत हा थर गळका असतो. काही जणांत तो जन्मतःच कमजोर असतो, फिलॅग्रिन नावाचं एक प्रोटीन असतं त्याच्या जीनमधल्या बिघाडाचा एक्झिमाशी संबंध आहे हे २००६ साली समोर आलं. थर गळका म्हणजे पाणी उडून जातं, कातडी कोरडी पडते, खाज उठते, खाजवलं की थर आणखी फाटतो, आणखी खाज. हे चक्र कुठेतरी तोडायचं असतं, मॉइश्चरायझर ते एका बाजूने तोडतं, सूज कमी करणारं औषध दुसऱ्या बाजूने, आणि ओली पट्टी दोन्हीला हात देते शिवाय नखांना कातडीपर्यंत पोचूच देत नाही.

आता मॉइश्चरायझर. लोशन, क्रीम आणि ऑइंटमेंट यात फरक मुख्यतः पाण्याचा. लोशनमध्ये पाणी भरपूर, पटकन पसरतं, लवकर उडतं. क्रीम मधलं. ऑइंटमेंट म्हणजे जवळजवळ सगळं स्निग्धच, चिकट, कपड्याला लागतं पण पाणी अडवून ठेवायचं काम सगळ्यात चांगलं करतं, आणि त्यात प्रिझर्व्हेटिव्ह नसतात किंवा कमी असतात म्हणून फाटलेल्या कातडीला चुणचुणतही कमी. साधं पांढरं पेट्रोलियम जेली यातच येतं. बरं, मग ऑइंटमेंटच सगळ्यात भारी का? तर तसंही नाही. ब्रिटनमध्ये ५५० मुलांवर एक मोठी चाचणी झाली, २०२२ मध्ये तिचे निकाल आले, लोशन, क्रीम, जेल आणि ऑइंटमेंट चारही प्रकार समोरासमोर ठेवले होते आणि एक्झिमा आटोक्यात ठेवण्यात चौघांत म्हणावा असा फरक दिसला नाही. म्हणजे जे तुम्हाला किंवा पोराला रोज लावून घ्यायला आवडेल ते घ्या, कपाटात पडून राहिलेलं महागडं ऑइंटमेंट काय कामाचं. मी स्वतः दिवसा क्रीम आणि रात्री ऑइंटमेंट असं करते कारण चिकट हाताने कीबोर्डवर काम होत नाही.

घेताना फक्त एवढं बघा की वास नको. सुगंधी नको, आणि "नॅचरल", "हर्बल" लिहिलंय म्हणून डोळे मिटूनही घेऊ नका, वनस्पतींचे अर्क आणि इसेन्शियल ऑइल यांचीही ॲलर्जी येते आणि भडकलेल्या कातडीवर तर हमखास आग होते. युरिया असलेलं क्रीम जाड, राठ झालेल्या कातडीला छान, पण भेगा पडल्या असतील, खरचटलं असेल तर असं झोंबतं की पोरगं पुन्हा डबा जवळ आणू देणार नाही, लहान मुलांना तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. ऑलिव्ह ऑइल बरेच जण चोळतात, ते टाळा, त्याने वरचा थर उलट सैल पडतो असं अभ्यासात दिसलंय. नवीन काहीही आणलं की कोपराच्या आतल्या बाजूला किंवा मनगटापाशी छोट्याशा जागेवर काही दिवस लावून बघायचं, लाल झालं नाही, खाज वाढली नाही, तर मग अंगभर.

किती लावायचं, इथेच सगळं अडतं. ब्रिटनमधली नाइस ही सरकारी संस्था एक्झिमा असलेल्या मुलासाठी आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम सांगते. परत वाचा, आठवड्याला. मोठ्या माणसाला अंगभर एक्झिमा असेल तर तेवढं किंवा त्याहून जास्त. म्हणजे तुमची ५० ग्रॅमची ट्यूब जर महिनाभर पुरत असेल तर तुम्ही मॉइश्चरायझर लावतच नाही आहात असं समजा. लावून झाल्यावर कातडी चमकली पाहिजे, हात फिरवला तर घसरला पाहिजे, दोन मिनिटांत सगळं जिरून पुन्हा कोरडं वाटलं तर कमी पडलं. आणि फक्त चट्ट्यावर नाही, जिथे चट्टा नाही ती कातडीही कोरडीच असते, सगळीकडे लावायचं. दिवसातून कमीत कमी दोनदा, भडकलं असेल तेव्हा चार वेळा लावलं तरी जास्त नाही होत, शिवाय हात धुतले की प्रत्येक वेळी हातांना.

लावायची पद्धतही असते. डब्यात थेट बोटं घालायची नाहीत, बोटांवरचे जंतू डब्यात जातात, स्वच्छ चमच्याने बशीत काढून घ्या नाहीतर पंपवाली बाटली घ्या. तळहातावर थोडं कोमट होऊ द्या. मग ठिपके ठिपके ठेवून केस ज्या दिशेने वाढतात त्या दिशेने, म्हणजे हातावर खांद्याकडून बोटांकडे, हलक्या हाताने ओढत न्यायचं. गोल गोल चोळायचं नाही. चोळल्याने खाजही उठते आणि केसांच्या मुळाशी क्रीम भरून बारीक पुळ्या येतात, मग लोकांना वाटतं क्रीमची ॲलर्जी आली.

वेळ म्हणाल तर सगळ्यात सोन्याची वेळ अंघोळीनंतरची. पाणी कोमट, गरम नाही (गरम पाण्याने खाजेवर तेवढ्यापुरतं फार बरं वाटतं हे मला माहितीये, पण पुढचा अर्धा तास कातडी सूड उगवते). पाच ते दहा मिनिटं बास. साबण नको, साबणाचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, ९ ते १० च्या आसपास असतो आणि कातडीचा ५ च्या आगेमागे, म्हणून साबण नसलेलं सौम्य क्लेन्झर, तेही जिथे खरंच मळ, घाम असतो तिथेच. अंघोळीच्या पाण्यात टाकायची जी खास तेलं मिळतात त्यांच्यावर पैसे घालवू नका, ४८३ मुलांवरच्या एका चाचणीत, २०१८ ची, नेहमीच्या काळजीवर त्यांनी काही जादा फायदा दिला नाही. बाहेर आल्यावर टॉवेलने टिपायचं, पुसायचं नाही, कातडी थोडी ओलसर असतानाच, साधारण तीन मिनिटांच्या आत, मॉइश्चरायझर. म्हणजे जे पाणी कातडीने घेतलं ते आत कोंडलं जातं. फोन आला, कपडे शोधले, केस पुसले आणि मग क्रीम, असं केलं तर अंघोळीने कातडी उलट जास्त वाळते. डबा बाथरूमच्या दारातच ठेवा. पाय घसरतो मात्र, फरशीवर क्रीम सांडलं तर लगेच पुसून घ्या.

पण नुसत्या मॉइश्चरायझरने भडकलेला एक्झिमा विझत नाही, हे सरळ सांगते

भडकलेला म्हणजे आत सूज आहे. त्याला सूज उतरवणारं औषध लागतं, बहुतेक वेळा डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइड क्रीम. स्टेरॉइड म्हटलं की लोक दोन टोकांना असतात, एक तर घाबरून इतकं चिमूटभर लावतात की काही होत नाही आणि मग महिनोन्‌महिने लावत राहतात, नाहीतर कुणाचीतरी जुनी ट्यूब उचलून तोंडाला फासतात. दोन्ही वाईट. योग्य ताकदीचं, पुरेसं, थोडे दिवस, आणि चट्टा सपाट होईपर्यंत, हे त्याचं गणित.

मापाला एक सोपी युक्ती आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून जी रेघ येते ती साधारण अर्धा ग्रॅम, आणि ती बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. मुलासाठी लावतानाही बोट मोठ्याचंच धरायचं, जागा किती आहे ते तळहाताने मोजायची. चेहरा, मान, काख, जांघ इथली कातडी पातळ, तिथे सौम्यच औषध, तळहात तळपाय जाड, तिथे डॉक्टर जास्त ताकदीचं देतात. त्यामुळे एका जागेसाठी दिलेली ट्यूब दुसरीकडे नको. मॉइश्चरायझर आधी की स्टेरॉइड आधी यावर लोक फार डोकं लावतात, खरं तर क्रम कुठलाही चालतो, मध्ये पंधरा वीस मिनिटं जाऊ द्या म्हणजे एकमेकांत मिसळून औषध पातळ होत नाही आणि नको तिथे पसरत नाही.

एक गोष्ट मात्र, चट्टा गोल असेल, कडेला उंच लाल किनार आणि मधे बरा झाल्यासारखा, तर तो एक्झिमा नसून फंगल, म्हणजे बुरशीचा (गजकर्ण), असू शकतो, आणि फंगलवर स्टेरॉइड लावलं की आधी खाज थांबते आणि मग ते चोरपावलांनी पसरतं. शंका असेल तर दाखवून घ्या.

ओली पट्टी

मॉइश्चरायझर नीट चालू आहे, औषधही चालू आहे, तरी खाज थांबत नाही, रात्रभर झोप नाही, चादरीवर रक्ताचे डाग, अशा वेळी ओलं ड्रेसिंग खरंच कामाला येतं. कल्पना अगदी साधी: अंगाला भरपूर मॉइश्चरायझर, त्यावर ओलसर सुती थर, त्यावर कोरडा सुती थर. ओल्या थरातलं पाणी हळूहळू उडतं तसा गारवा मिळतो आणि खाजेची धार कमी होते, कातडी भिजलेली राहते, खाली लावलेलं औषध जास्त आत शिरतं, आणि नखं लागत नाहीत. डॉक्टर सहसा काही दिवसच करायला सांगतात, फार तर एक दोन आठवडे. कायमची सवय करायची गोष्ट नाही ही.

पहिल्यांदा करायच्या आधी डॉक्टरांना किंवा नर्सला विचारा, जमल्यास त्यांच्यासमोर एकदा करून बघा, आणि बाळ असेल तर त्यांच्या सांगण्यावरूनच. कारण जी गोष्ट औषध जास्त आत ढकलते तीच गोष्ट चुकीचं औषधही जास्त आत ढकलते. पट्टीखाली कुठलं स्टेरॉइड, किती वेळा, हे तेच ठरवतील, बऱ्याचदा सौम्य किंवा पातळ केलेलं आणि दिवसातून एकदाच असतं. घरात पडलेली कडक ट्यूब पट्टीखाली लावायची नाही. टॅक्रोलिमससारखी, म्हणजे स्टेरॉइड नसलेली पण सूज उतरवणारी, औषधं पण न विचारता पट्टीखाली नाहीत.

सामान असं: खास ट्यूबसारखं गोल विणलेलं सुती बँडेज मिळतं ते, दोन थरांपुरतं. ते नसेल तर अंगाला घट्ट बसणारे सुती कपडे पण चालतात, पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, लेगिंग, पायजमा, हातांसाठी सुती हातमोजे, पायांसाठी मोजे, मोज्यांची बोटं कापून हातावर चढवली तरी मस्त बसतात. कपड्याच्या आतली लेबलं आधी कापून टाका आणि शिवण टोचत असेल तर उलटा घाला. सगळं आधी जमवून ठेवायचं, क्रीमने माखलेलं पोर उघडं बसलंय आणि तुम्ही दुसरा मोजा शोधताय असं व्हायला नको.

खोली उबदार करून घ्या, पंखा एसी बंद. कोमट पाण्याची अंघोळ, टिपून घेणं, मग ज्या चट्ट्यांवर सांगितलंय तिथे औषध, आणि मग मॉइश्चरायझर सगळीकडे, नेहमीपेक्षाही जाड, इतकं की कातडीचा रंग पांढुरका दिसला पाहिजे. इथे हात आखडता घेतला तर सगळी मेहनत वाया, कारण नुसतं पाणी उडताना कातडी आणखी कोरडी करतं. आतला थर कोमट पाण्यात बुडवा, गार पाण्यात नाही, आणि पिळा. किती पिळायचा? घट्ट पिळून एकदा उघडा, पुन्हा मुठीत दाबून बघा, थेंब पडता कामा नये पण हाताला ओल लागली पाहिजे. थेंब गळत असेल तर पोर कुडकुडेल, अगदी सुकं पिळलं तर अर्ध्या तासात वाळेल. लगेच चढवा, कारण पिळलेला कपडा हातात गार होतो. सुरकुत्या काढून टाका, बँडेज असेल तर आत एक बोट सहज गेलं पाहिजे, बोटं निळसर किंवा थंड पडायला लागली, मुंग्या आल्या तर घट्ट झालंय, काढा. त्यावर लगेच कोरडा थर, मग नेहमीचे सैल कपडे. मोठ्या पोराला हात, पाय, अंग सगळं एकदम करायची गरज नसते, जिथे सगळ्यात वाईट आहे तेवढंच केलं तरी चालतं, दोन्ही कोपर आणि गुडघ्यामागे एवढंच बांधूनही झोप लागते.

पहिल्या दिवशी दोनेक तासच ठेवा, कसं मानवतं ते बघा. मानवलं तर रात्रभर. अट एकच, आतला थर वाळू द्यायचा नाही, दोन तीन तासांनी वरून हात लावून बघा, सुकायला लागलं तर बाहेरचा थर वर करून कोमट पाण्याचा स्प्रे मारा किंवा पट्टी काढून टाका. रात्री उठून स्प्रे मारत बसायची माझी अजिबात तयारी नसते आणि तुमचीही नसेल, तेव्हा मध्यरात्री जाग आली तर वाळलेली सोडवून मॉइश्चरायझर लावून झोपलात तरी काही बिघडत नाही. चिकटली असेल तर ओढायची नाही, ओढली की बरी होत आलेली साल सोबत येते, कोमट पाण्याने भिजवली की आपोआप सुटते. काढल्या काढल्या पुन्हा मॉइश्चरायझर.

मुलं कटकट करतात हे गृहीत धरा. बाहुलीला आधी बांधून दाखवा, गोष्ट लावा, आणि पहिल्या पाच मिनिटांत अंगावर काटा येतो तेव्हाच एक पांघरूण घाला. थरथर थांबली नाही तर काढायचं, लहान मुलाच्या अंगातली ऊब पटकन जाते.

चेहऱ्याला घरी पट्टी बांधू नका. मऊ कापड कोमट किंवा थोड्या गार पाण्यात भिजवून पाच दहा मिनिटं चट्ट्यावर ठेवा, मग लगेच मॉइश्चरायझर, दिवसातून दोन चार वेळा. बाहेर असताना अचानक खाज उठली तरी हेच करता येतं. आणि खाजवायचं नाही म्हणून कुणाची खाज थांबत नाही, तेव्हा तळहाताने दाबून धरा, कापडात गुंडाळलेली बर्फाची पिशवी ठेवा, नखं अगदी कमी ठेवा. झोप आणणाऱ्या ॲलर्जीच्या गोळ्यांनी झोप येते, एक्झिमाची खाज फारशी जात नाही, एवढं लक्षात असू द्या.

कधी पट्टी नाही, सरळ डॉक्टर

चट्ट्यातून लस गळतेय, मधासारखी पिवळी खपली धरतेय, पू आहे, गरम लागतंय, दुखतंय, ताप आहे, तर आत जंतू शिरलेत, बहुतेक वेळा स्टॅफ नावाचे जीवाणू. त्यावर ओलं बांधून झाकलं तर जंतूंचीच सोय. आधी तपासणी, इन्फेक्शन आटोक्यात आल्यावर मग पट्टीचं बघा. आणि एक गोष्ट रात्री दोन वाजता दिसली तरी सकाळची वाट न बघण्याची: एकाच आकाराचे बारीक फोड झुपक्याने, फुटल्यावर टाचणीने कोरल्यासारखे गोल खड्डे, खाजेपेक्षा दुखणं जास्त, सोबत ताप किंवा मूल एकदम मलूल. ही हर्पिसच्या विषाणूची लागण असते, एक्झिमाच्या कातडीवर झपाट्याने पसरते, डोळ्याजवळ असेल तर नजरेला धोका. लगेच दवाखाना. म्हणूनच घरात कुणाच्या ओठावर हर्पिसचे फोड आले असतील तर त्याने तेवढे दिवस एक्झिमावाल्या पोराचे पापे घ्यायचे नाहीत.

आगीचं पण सांगायलाच हवं, कारण डब्यावरची ती बारीक ओळ कुणी वाचत नाही. मॉइश्चरायझर स्वतः पेटत नाही पण ते मुरलेले कपडे, चादरी, बँडेज ठिणगी लागली की भराभर पेटतात, आणि धुतल्यावरही सगळं निघत नाही. फक्त पॅराफिनवाली, म्हणजे पेट्रोलियम जेलीसारखी, मॉइश्चरायझरच नाही, बाकीचीही. तेव्हा अशा कपड्यांत गॅसजवळ, मेणबत्तीजवळ, सिगरेट ओढणाऱ्याजवळ जायचं नाही. पट्ट्यांचे कपडे वेगळे धुवा, वास नसलेली पावडर वापरा, दोनदा खळबळा.

भडका उतरला की लगेच सगळं बंद करू नका. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसतच नाही, चट्टा तपकिरी, जांभळट किंवा राखाडी दिसतो, म्हणून डोळ्याने न ठरवता बोटाने ठरवा, जागा अजून जाड, खडबडीत लागतेय का, खाज आहे का. सपाट आणि मऊ झालं की पट्टी बंद, औषध डॉक्टरांनी सांगितलं तसं कमी, मॉइश्चरायझर मात्र तसंच चालू. ज्यांना त्याच त्याच जागी पुन्हा पुन्हा येतं त्यांना डॉक्टर कधी कधी त्या जागांवर आठवड्यातून दोन दिवस औषध चालू ठेवायला सांगतात, तसं सांगितलं असेल तर बरं दिसतंय म्हणून मधेच सोडू नका. मागे काळपट किंवा पांढरट डाग राहतो, तो डाग म्हणजे एक्झिमा नाही, त्याच्यावर स्टेरॉइड घासायचं नाही आणि रंग उजळवणारं क्रीम तर मुळीच नाही, तो आपला आपण जातो पण महिने घेतो.